सासवण्याची म्हैस आणि आमच्या भुलाबाई

आम्ही पिंपळगाव राजाहून बोलतोय, तालुका खामगाव, जिल्हा बुलडाणा. आम्ही म्हणजे आमच्या बचत गटातल्या अकरा जणी. माईकसमोर एकटीच बसली आहे, पण कागदावर जे लिहून आणलं ते सगळ्यांनी मिळून सांगितलेलं आहे. जिथं आमचं आपसात जमलं नाही, तिथं तसंच सांगू.

मुंबईला महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं, ते तुम्हाला माहीत आहेच. तुमच्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. या खेपेला आमच्या सहा जणी गेल्या. नांदुऱ्याहून रात्रीची गाडी, सोबत बिबड्या, कुरडया, मुगवड्या, तिळाची चटणी, आणि एका खोक्यात पेंढ्यात गुंडाळलेले मातीचे बैल. हे बैल आमच्या कुंभारकाकूंचे. काकू गटात सगळ्यात वडील. पोळ्याचे बैल, आखाजीच्या घागरी, भादव्यात भुलाबाई, हे सगळं त्यांच्या हातचं. पण मागच्या कोजागिरीलाच त्यांनी बैठकीत सांगून टाकलं होतं, "आता मी नाही करत बाई. पुढच्या वर्षी साचे विकून टाकते." प्लास्टरच्या रंगीत मूर्ती बाजारात येतात, त्या हलक्या आणि चकचकीत. माती आणायला ट्रॅक्टर लागतो, जळण विकत घ्यावं लागतं. पोरगा म्हणतो, आई, निंदायला गेलीस तरी रोज सुटतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून काकू मुंबईला आल्या त्या मदतनीस म्हणून, आणि उरलेले बैल विकले तर विकले म्हणून.

आमच्यातल्या एकीची भाची मुंबईत चित्रकला शिकते. ती एका संध्याकाळी स्टॉलवर आली, बैल हातात घेऊन उलटेपालटे पाहिले आणि म्हणाली, "मावशी, उद्या-परवा एक दिवस काढा. समुद्रापलीकडं सासवणे नावाचं गाव आहे. तिथं एका मूर्तिकाराचं घर आहे, घरभर त्याच्याच मूर्ती. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं."

यावरून रात्री मुक्कामाच्या ठिकाणी चांगलंच वाजलं. एक दिवस म्हणजे चार जणींचा धंदा बुडाला. दोघी म्हणाल्या, आम्ही इथं पापड विकायला आलो, सहलीला नाही. गावाकडं कळलं तर काय म्हणतील? लाँचचं भाडं, रिक्षा, जेवण, हे कोण देणार? शेवटी ठरलं असं, की ज्यांना जायचं त्यांनी आपल्या खिशातून जावं. आता काकूंच्या खिशात काय असणार? आम्ही म्हटलं, काकूंचा खर्च गटानं करावा, मूर्तीचं काम आपल्यात त्याच करतात, प्रशिक्षण म्हणून लिहा. आमची सचिव म्हणाली, "समुद्रात नावेत बसणं हे कोणतं प्रशिक्षण?" हात वर करून मतं घेतली. चार विरुद्ध दोन. इतिवृत्तात नोंद आहे, कुणालाही पाहायला मिळेल. ज्या दोघी विरोधात होत्या त्यांनीच दुसऱ्या दिवशी स्टॉल सांभाळला आणि आमच्यापेक्षा जास्त विक्री केली, हेही इथंच सांगून टाकतो.

गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला लाँच जाते. साधारण तासाभराचा प्रवास. आमच्यातल्या तिघींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. सुरुवातीला घट्ट धरून बसलो, मग पाखरं लाँचच्या मागं उडायला लागली तसा हात सुटला. पावसाळ्यात ही लाँच बंद असते, तेवढं लक्षात ठेवा.

वाटेत त्या भाचीनं मोबाइलवर चित्रं दाखवली. मूर्तिकाराच्या घरी जायचं तर आधी दुसऱ्या एका चित्रकाराचं घर बघा म्हणाली. स्पेन देशात फिग्युरेस नावाचं गाव आहे, तिथं 1904 साली साल्वादोर दाली जन्मला. त्याच्या गावात एक नाटकघर होतं, ते तिथल्या यादवी युद्धात जळून गेलं. त्या जळक्या भिंतींतच दालीनं स्वतःचं संग्रहालय उभारलं, 1974 साली ते उघडलं, आणि 1989 मध्ये तो वारला तेव्हा त्याला तिथंच जमिनीखाली पुरलं. त्या इमारतीच्या छपरावर मोठमोठी पांढरी अंडी उभी आहेत. भिंतीवर गोवऱ्या थापाव्यात तसे पावाचे आकार थापले आहेत. आत एक मोटारगाडी आहे, तिच्या आतमध्ये पाऊस पडतो. बाहेर नाही, आत! त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे वितळलेली घड्याळं, 1931 सालचं. घड्याळ फांदीवर असं लोंबतंय, जसं वाळत घातलेलं फडकं.

या प्रकाराला मराठीत अतिवास्तववाद म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट तशी जड नाही. झोपेत आपल्याला जसं दिसतं, एकाचं दुसऱ्यात मिसळलेलं, त्याला डोकं लावून न सुधारता तसंच कागदावर उतरवायचं. आमची एक जण म्हणाली, "मले तं असं रोजच दिसते. काल सपनात पायलं का आमची विहीर घरात आली, अन् सासूबाई तिच्यात पापड लाटून ऱ्हायल्या." सगळ्या हसलो. भाची मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मावशी, हे काढा ना कागदावर." यावर काकूंनी विचारलं, "अन् मंग त्याचं कोणी काय देते?" भाचीनं सांगितलं ते ऐकून आम्ही गप्प झालो. 1967 साली आपल्या एअर इंडियानं दालीकडून राखदाणीचा नमुना करून घेतला. सिगारेटची राख झाडायची वाटी, दुसरं काही नाही. त्यानं मोबदला मागितला तो हत्तीचं पिल्लू. आणि आपल्याकडून हत्तीचं पिल्लू विमानात घालून पाठवलं! काकू म्हणाल्या, "मी बैल करतो बारा वर्सांपासून, कोणी बकरू देल्लं नाई."

असो. मांडव्याहून रिक्षानं सासवण्याला पोचलो. नारळी-सुपारीच्या वाड्या, लाल माती, हवा खारट. आता ज्यांच्या घरी गेलो त्यांची ओळख करून देतो. विनायक पांडुरंग करमरकर. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. जन्म 1891 साली, याच सासवण्यात. घरात गणपती करायची रीत होती, त्यामुळं मातीचा हात लहानपणापासूनच. गावातल्या रामाच्या देवळाच्या भिंतीवर या पोरानं घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हाचे कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड गावात आले असता त्यांच्या नजरेला ते पडलं. त्यांनी चौकशी केली आणि पोराला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडायची सोय केली.

इथं थोडं थांबतो. देवळाच्या भिंतीवर रेघोट्या मारणाऱ्या पोराला आपल्या गावात काय मिळतं हे तुम्हीही पाहिलं असेल. आपण स्वतः मारलेलं असेल. रॉथफील्ड हा साहेब तसा नादिष्टच म्हणायचा, त्यानं हिंदुस्थानातल्या बायकांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं आणि त्यातली चित्रं आपल्या कोल्हापूरच्या धुरंधरांकडून काढून घेतली. राज्यकर्ता परका होता, तरी नजर होती, एवढंच आम्ही म्हणू. कलेक्टर गावात येण्याआधी ते चित्र गावातल्या किती लोकांनी पाहिलं असेल, आणि कुणाला काही वाटलं नसेल का, हे मात्र आमच्या मनातून जात नाही.

पुढं करमरकर कलकत्त्याला गेले. रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांनी त्यांना तिथं बस्तान बसवायला मदत केली. मग लंडनला रॉयल अकॅडमीत शिकून आले. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये महाराजांचा जो घोड्यावरचा पुतळा आहे तो त्यांनी केला, 1928 साली. सुमारे साडेतेरा फूट उंच. राजर्षी शाहू महाराजांनी हे स्मारक मनावर घेतलं होतं. एवढा पुतळा मुंबईत माझगावला एकसंध ओतला, तुकडे करून जोडला नाही, आणि मग रेल्वेनं पुण्याला नेला. घाटातल्या बोगद्यातून तो जाईल का याची सगळ्यांना धास्ती होती म्हणतात. गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं चित्र आणि हा पुतळा, विषय एकच.

एकसंध ओतणं का अवघड, हे आम्हाला काकूंनी परतीच्या वाटेवर समजावलं. वितळलेला धातू साच्यात सोडला की तो प्रत्येक कोपऱ्यापर्यंत, घोड्याच्या शेपटीपर्यंत, लगामापर्यंत पोचला पाहिजे, आणि तोही निवायच्या आत. मध्येच निवला की संपलं, सगळी मेहनत पाण्यात. तुकड्यातुकड्यानं केलं तर एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो. एकसंधात तशी सोय नाही.

आता त्या घराबद्दल. आम्हाला वाटलं होतं तिथं राजे-महाराजे असतील. पुढारी, मोठी माणसं आहेत, नाही असं नाही. पोटापाण्याचं काम तेच असणार, पुतळा करून घ्यायला पैसा लागतो. पण अंगणात पाहिली ती म्हैस. बसलेली, रवंथ करत असलेली म्हैस, खऱ्या म्हशीएवढी. आमच्या एकीनं दुरून पाहून पदर सावरला आणि बाजूनं वाट काढली, शिंगं मारेल म्हणून. जवळ गेल्यावर कळलं, सिमेंटची आहे.

सिमेंटची! आपण ज्यानं ओटा करतो, मोरी करतो, त्याची. काशाचा पुतळा करायला फार पैसा लागतो आणि कुणी करून घेणारा असेल तरच तो परवडतो. आपल्या मनातलं, आपल्या हौशीचं करायचं तर स्वस्त काही हवं. म्हणून करमरकरांनी सिमेंट घेतलं. आणि कुणाला केलं? आसपासच्या माणसांना. कोळीण, पोरंसोरं, गुरंढोरं. शंख फुंकणारा एक आहे, त्याचे फुगलेले गाल पाहून आपलाच श्वास कोंडतो. एका बाईच्या मूर्तीसमोर आमच्यातली एक जण फार वेळ उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, "हिच्या लुगड्याची चुणी पाय. कामावरून उठून आल्यासारखी हाये." पुतळ्यातली बाई म्हणजे देवी किंवा राणी, असंच आम्ही आजवर पाहत आलो. कमरेला पदर खोचलेली आपल्यासारखी बाई कुणी एवढ्या मानानं घडवली असेल, असं मनात आलं नव्हतं.

काकू मात्र तोंडाकडं बघतच नव्हत्या. त्या मूर्तींच्या पायांकडं, काखेत, मानेच्या मागं बघत होत्या. जिथं साच्याची सांध येते तिथं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि दुसरे पाहुणेही थांबून ऐकायला लागले. आधी लोखंडी सळईचा किंवा तारेचा सांगाडा. त्यावर माती चढवायची, पूर्ण मूर्ती मातीचीच करायची, आणि काम चालू असेपर्यंत ओल्या फडक्यानं झाकून ठेवायची, नाहीतर तडकते. माती मनासारखी झाली की तिच्यावर प्लास्टर चढवून साचा घ्यायचा, तुकड्यातुकड्यानं. माती काढून टाकायची. रिकाम्या साच्यात सळया ठेवून सिमेंट भरायचं. ते आवळलं की वरचा साचा ठोकून काढायचा. म्हणजे ज्या मातीवर सगळी मेहनत केली ती शेवटी उरतच नाही. काकू म्हणाल्या, "माती मरते, मंग मूर्ती होते."

आमच्यातल्या एकीच्या घरकुलाचा स्लॅब नुकताच झालेला. तिनं विचारलं, या खाऱ्या हवेत आतली सळई गंजत नाही का? बरोबर विचारलं तिनं. सळई गंजली की फुगते आणि सिमेंट आतून फोडते. समुद्रकाठी अशा मूर्ती सांभाळणं हे रोजचं काम आहे. करमरकर 1967 साली वारले. त्यांच्या मागं हा पसारा त्यांच्या घरच्यांनी, विशेष करून त्यांच्या सूनबाईंनी वर्षानुवर्षं सांभाळला. पुतळे करणाऱ्याचं नाव पाटीवर आहे आणि ते असायलाच हवं. पुसणाऱ्या, झाकणाऱ्या, आल्यागेल्याला दाखवणाऱ्या बाईचं काम पाटीवर मावत नाही. या बाबतीत आमच्या सहाही जणींचं एकमत झालं, स्टॉलवर राहिलेल्या दोघींचंसुद्धा.

परतताना लाँचमध्ये वाद निघाला. एक जण म्हणाली, तो स्पेनवाला खरा कलाकार, कारण त्यानं जगात नाही ते केलं. म्हैस तर आपण रोजच पाहतो. दुसरी म्हणाली, रोज पाहतो पण तिची मान अशी वळते हे मला आज कळलं. भाचीला विचारलं, तर ती म्हणाली दोघीही बरोबर. असली उत्तरं आम्हाला आवडत नाहीत. आमच्यातल्या बहुतेकींचं मत म्हशीच्या बाजूनं पडलं, पण विहिरीचं स्वप्न पडलेली अजून दालीच्या बाजूनं आहे. तिनं गावी आल्यावर खरंच लेकीच्या वहीत ती विहीर काढली. चुलीशेजारी विहीर, आत सासूबाई. सासूबाईंना अजून दाखवलेली नाही.

आता मुद्द्याचं. गावी आल्यावर काकूंनी सिमेंटचा बैल करून पाहिला. पहिल्याचा पाय मोडला. दुसऱ्यात त्यांनी सेंट्रिंगची बारीक तार घातली, तो उभा राहिला. आम्ही लगेच हिशोब मांडला. सिमेंटच्या मूर्ती आवा न लावता होतात, जळण लागत नाही, वाटेत फुटत नाहीत, मुंबईला नेता येतात. आम्ही म्हटलं, काकू, भुलाबाई पण सिमेंटच्याच करू. कायमच्या राहतील, बाया एकदाच घेतील पण चांगला भाव देतील.

काकू नाही म्हणाल्या. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते, महिनाभर पोरी तिच्यासमोर गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात, आणि कोजागिरीला तिला पाण्यात सोडतात. काकूंनी विचारलं, "सिमेंटची भुलाबाई इरघळन कशी? नाही इरघळली तं सासरी जाईन कशी?" याला आमच्यापैकी कुणाकडंच उत्तर नव्हतं. प्लास्टरच्या भुलाबाईही विरघळत नाहीत. मागच्या वर्षी कोजागिरीनंतर पाण्याच्या काठाला डोकी-हात पडलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले होते.

तर ठरलं आहे ते असं. बैल सिमेंटचे, शोभेचे, प्रदर्शनासाठी. भुलाबाई मातीच्याच. काकूंचे साचे या वर्षी विकले जाणार नाहीत, पण ते या एकाच वर्षापुरतं, असं काकूंनी आणि त्यांच्या पोरानं बैठकीत बजावून सांगितलं आहे. गटानं माती आणि ट्रॅक्टरसाठी अंतर्गत कर्ज दिलं. ते फिटलं तर पुढचं पाहू. गाळाची माती उचलायला ग्रामपंचायतीकडं अर्ज दिलेला आहे. आमच्या गटातल्या दोन सुना काकूंकडं माती मळायला, साचा भरायला शिकताहेत. एकीचा हात चांगला आहे. दुसरी गप्पा फार मारते, पण रंग छान लावते.

सासवण्याला जायचं असेल तर जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे का हे विचारून घ्या. सोबत भाकरी बांधून न्या. मूर्तींना हात लावू नका, काकूंनीसुद्धा लावला नाही, फक्त जवळून पाहिलं.

आणि ज्या गटांना मातीच्या भुलाबाई हव्या असतील त्यांनी आकडा आषाढ लागायच्या आत कळवा. पाऊस लागला की मूर्ती वाळत नाही आणि काकू कुणाचंही ऐकत नाहीत.